लांबी कुणी विचारली होती?

बसा सगळे. मोबाइल पालथे ठेवा. तुमच्यापैकी निम्म्यांची ऑफिसं रविवारीही जागी असतात हे मला ठाऊक आहे. ती तासभर तुमच्यावाचून चालतील.

तुमची वही वाचली. खरं सांगायचं तर पहिलं पान वाचलं आणि पुढची पानं वाचताना दर थोड्या वेळाने त्याच पानाकडे परत यावं लागलं, कारण पुढे जे जे बिघडलंय त्याचं मूळ तिथे आहे. दिवाळी अंकासाठी पाच जणांनी मिळून विज्ञानकथामाला लिहायची, तीही मराठीत, तीही इथे चेन्नईत, शोळिंगनल्लूरमध्ये बसून, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्या तक्त्याने तो घालवला.

तू हसू नकोस. तक्ता तू केलायस, खाली तुझी सही आहे.

'आंतरतारकीय नौकांचे वर्गीकरण.' चार रंगांत. रकाने कोणते? वर्ग, लांबी, इंजिन, कमाल वेग, तोफा. टेहळणी नौका ५० मीटर. फ्रिगेट २०० मीटर. क्रूझर ८०० मीटर. विनाशिका १,६०० मीटर. आणि शेवटी तुमचं लाडकं 'महाकाल', १९ किलोमीटर. शेवटचे दोन आकडे मला ओळखीचे वाटले. १,६०० मीटर ही 'स्टार वॉर्स'मधल्या स्टार डिस्ट्रॉयरची लांबी आणि १९ किलोमीटर ही डार्थ व्हेडरच्या 'एक्झिक्युटर'ची. माझ्या नातवाच्या कपाटात ती सगळी पुस्तकं आहेत, तेव्हा म्हातारीला काय कळणार या भरवशावर राहू नका. त्या एक्झिक्युटरच्या लांबीवरून चाहते वर्षानुवर्षं भांडले. आधी आठ किलोमीटर मानली जायची, ती वाढत वाढत एकोणीसवर गेली. पडद्यावरचं चित्र तेच राहिलं, गोष्ट तीच राहिली. लांबी दुपटीहून जास्त झाली आणि कथेतलं एक वाक्यही हललं नाही. यावरून तुम्हाला काही सुचायला हवं होतं.

लांबी कुणी विचारली होती तुम्हाला? स्थळाच्या चिठ्ठीत मुलाची उंची लिहावी तशी तुम्ही ती वर्गाशेजारच्याच रकान्यात लिहून मोकळे झालात. मुलगा करतो काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता लांबी लिहिलीच आहे, तर तिचा हिशेब तरी करा. फ्रिगेटवर तुम्ही ८० माणसं दाखवलीत, महाकालवर ४० हजार. दोघांचा आकार एकच, नुसता ताणून मोठा केलेला. चित्रं तुम्हीच काढलीत. लांबी ९५ पट झाली की आतली जागा ९५ गुणिले ९५ गुणिले ९५ होते, म्हणजे साडेआठ लाख पटींच्या वर. फ्रिगेटवर माणशी जितकी जागा दिलीत तितकीच इथे द्यायची म्हटली तर महाकालवर पावणेसात कोटींहून जास्त माणसं मावतील. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तमिळनाडूची लोकसंख्या ७ कोटी २१ लाख होती. म्हणजे जवळजवळ हे सगळं राज्य बसेल एवढं जहाज बांधून तुम्ही त्यात ४० हजार माणसं सोडलीत. बाकीच्या जागेत आहे काय? पाचही जणांना विचारते. कुणालाच सांगता येणार नाही, कारण तिथे काही आहे असं तुमच्या मनातही आलं नव्हतं.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली 'योग्य आकार' या विषयावर एक छोटासा निबंध लिहिला. पुढे ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि भुवनेश्वरलाच वारले. त्या निबंधात प्राणी आहेत, जहाजं नाहीत, पण मुद्दा हाच: वस्तू मोठी झाली की ती फक्त मोठी होत नाही, वेगळी होते. वजन घनाने वाढतं, हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ वर्गाने. तुमच्या इंजिनाच्या तोटीचंही तेच. फ्रिगेट जर १ जी त्वरण घेत असेल तर त्याच घडणीचं, त्याच इंजिनाचं महाकाल त्याच्या ९५ व्या हिश्शाने सरकेल. आणि चौथ्या प्रकरणात हे धूड काय करतं? 'दहा सेकंदांत गर्रकन वळून शत्रूसमोर उभं ठाकतं.' केलाय हिशेब? मध्याभोवती अर्धा फेरा, दहा सेकंदांत. वळण सुरू करायला आणि थांबवायला काहीच वेळ लागत नाही असं धरलं, तरी टोकाशी बसलेल्या माणसावर गुरुत्वाच्या सुमारे ९५ पट जोर येतो. अगदी टोकाशी तुम्ही कुणाला बसवलंय? नायकाला. आणि तो त्यानंतर दीड पान प्रेमावर बोलतो.

हसा, आता हसा. मी वाचताना हसले नव्हते.

लांबीने वर्ग ठरत नाही याचा पुरावा हवा असेल तर फार लांब जायची गरज नव्हती. इथून उत्तरेला श्रीहरिकोटा आहे. आभाळ मोकळं असलं की गच्चीवरून उड्डाण दिसतं, तुम्हीच मला हाका मारून वर नेता. पीएसएलव्ही ४४ मीटर उंच, वजन सुमारे ३२० टन. एलव्हीएम-३ साडेत्रेचाळीस मीटर, वजन ६४० टन. तुमच्या तक्त्यात एलव्हीएम-३ हे पीएसएलव्हीच्या आधीच्या ओळीत बसेल, अर्धा मीटर बुटकं म्हणून. प्रत्यक्षात ते पृथ्वीलगतच्या कक्षेत आठ टन नेतं. पीएसएलव्ही ध्रुवीय कक्षेत पावणेदोन टन नेतं.

आणि त्याच एलव्हीएम-३ च्या पोटात किती तऱ्हेची इंजिनं आहेत? तीन. बाजूला दोन घन इंधनाचे बूस्टर, मधे द्रव इंधनाची विकास इंजिनं, वरती क्रायोजेनिक. एकाच तऱ्हेचं का नाही लावत? घन बूस्टरला ताकद प्रचंड, एकेकाचा रेटा पाचशे टनांच्या वर. पण त्यातून वायू बाहेर पडतो तो सेकंदाला पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. वरच्या क्रायोजेनिक इंजिनाचा रेटा जेमतेम वीस टन, वायूचा वेग मात्र सव्वाचार किलोमीटरच्या वर. जमिनीवरून उचलायला रेटा लागतो. एकदा वर गेल्यावर, थोडक्या इंधनात जास्त वेग कमवायचा असतो तेव्हा, वायूचा वेग कामाला येतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या तक्त्यात 'इंजिन' हा एकच रकाना आहे आणि त्यात तुम्ही 'आयन', 'फ्यूजन', 'वॉर्प' अशी नावं भरलीत. नाव भरणं म्हणजे माहिती भरणं नव्हे. आयन इंजिन वायू फेकतं ते सेकंदाला तीस किलोमीटर वगैरे वेगाने, पण त्याचा रेटा तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या वजनाएवढा असू शकतो. ते तुमच्या लढाऊ टेहळणी नौकेला लावलंय! शत्रू दिसल्यावर पळ काढायला तिला कित्येक महिने लागतील.

'बाई, नौदलातही असेच वर्ग असतात ना,' असं तू मागच्या खेपेला म्हणालास. असतात. पण बघितलेस का कधी? मुंबईत माझगावला बांधलेली आयएनएस विशाखापट्टणम ही विनाशिका १६३ मीटरची. तिथलीच आयएनएस निलगिरी ही फ्रिगेट १४९ मीटरची. चौदा मीटरचा फरक. तुमच्या तक्त्यात फ्रिगेट आणि विनाशिका यांच्यात आठ पटींचा फरक आहे. याच्याही आधीची गंमत सांगते. १९३० च्या लंडन नौदल तहात क्रूझरचे 'जड' आणि 'हलके' असे दोन वर्ग पडले ते तोफेच्या तोंडावरून: सहा इंचांच्या किंचित वर गेली की जड, नाही तर हलकी. म्हणून ब्रिटनची 'एक्झेटर' साडेआठ हजार टनांच्या आत असून जड ठरली आणि दहा हजारांच्या वरची 'बेलफास्ट' हलकी ठरली. तिथे वर्ग पडले ते तहातल्या मर्यादांमुळे. कुणी किती बांधायच्या यावर देशादेशांत भांडण होतं. तुमच्या आकाशगंगेत कोणता तह झालाय? कुणी कुणाला किती मोठं बांधू देत नाही? हे माहीत असतं तर तक्ता आपोआप आला असता.

आता ज्याच्यासाठी मी खरी चिडले आहे ते.

आकारावरून आणि चालवणाऱ्या शक्तीवरून जहाजांचे वर्ग पाडायला तुम्हाला हॉलिवूडकडे जावं लागलं. तुमच्यातला एक अलिबागचा आहे, एक मालवणचा. गुराब आणि गलबत हे तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातले दोन चित्रमय शब्द एवढेच ठाऊक. रॉबर्ट ऑर्म, जो याच मद्रासच्या कौन्सिलात बसत होता आणि ज्याला आपल्या आरमाराचं प्रेम असायचं काही कारण नव्हतं, त्याने आंग्र्यांची जहाजं कशी होती ते नीट लिहून ठेवलंय. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तीन काठ्यांची असली तर तीनशे टनांच्या घरात, दोन काठ्यांची दीडशेच्या आसपास. उथळ पाण्यात चालेल अशा बुडाची, पुढे निमुळती, आणि तिथूनच समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, मोठ्यात मोठं सत्तर टनांचं. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही, आणि वल्ह्यांवर ते ताशी चार मैल जातं.

ताशी चार मैल म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? वारा पडलेला असताना चार मैल म्हणजे सगळं काही. गुराबेला शीड, तोफा, दम. पण वारा नसला की ती जागच्या जागी. गलबत लहान, तोफा किरकोळ. पण त्याला वाऱ्याची परवानगी नको. म्हणून वारा पडला की गलबतं गुराबेला दोरांनी ओढत शत्रूच्या मागच्या अंगाला नेत, जिथे त्याच्या तोफा कमी. मोठं युरोपी जहाज तीसचाळीस तोफा घेऊन तसंच थबकलेलं. बघा, एका तक्त्यातल्या दोन ओळी, आणि त्यातून डावपेच बाहेर पडतो, भीती बाहेर पडते, कप्तानाने आभाळाकडे का बघावं याचं कारण बाहेर पडतं. तुमच्या तक्त्याच्या पाच ओळींतून एक प्रसंग तरी निघतो का सांगा.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१६ च्या सुमारास, आरमारावर वेगळं प्रकरण आहे. हे शाळेत शिकवतात, पण तुम्ही तो धडा परीक्षेपुरता वाचला असणार. पंत सांगतात की गुराबा फार मोठ्या करू नयेत आणि फार लहानही करू नयेत. ज्या मोठ्या जहाजांचा वाऱ्यावाचून काही उपयोग नाही ती बांधायची गरज नाही, असंही सांगतात. आणि त्या नको असलेल्या जहाजांत ते फरगातेचं नाव घेतात. तुमची फ्रिगेट, बाळांनो. तीनशे वर्षांपूर्वी राज्यकारभार चालवणारा माणूस जहाजाच्या आकाराचा प्रश्न विचारतो तो असा: हे चालतं कशावर, आणि ती गोष्ट नसली तर काय? तुम्ही संगणकावर काम करणारी माणसं. रोज दुसऱ्यांच्या प्रणालीत हाच प्रश्न विचारून पगार घेता. स्वतःच्या वहीत नाही विचारला.

म्हणजे इंधनाकडे येऊ. फ्रिगेटच्या चित्रात मला व्यायामशाळा दिसली, उपाहारगृह दिसलं, एक देऊळही दिसलं. इंधनाची टाकी कुठे आहे?

नाही. बरोबर. टाकीच नाही.

त्सिओल्कोव्स्कीने रॉकेटचं समीकरण १९०३ साली छापलं. शाळेत शिक्षक होते ते, एवढं मुद्दाम सांगते. त्यात काय आहे? तुमच्या यानाला एकूण किती वेग कमावता येईल हे दोनच गोष्टींवर ठरतं: मागे फेकलेल्या वायूचा वेग, आणि भरलेल्या यानाचं वजन भागिले रिकाम्या यानाचं वजन. दुसरी गोष्ट लॉगरिदमच्या आत बसलेली आहे, म्हणून ती फार क्रूर आहे. हायड्रोजन-ऑक्सिजन जाळून साडेचार किलोमीटर सेकंदाला एवढा वायूचा वेग मिळतो असं धरा. त्याच्या दहापट, ४५ किलोमीटर सेकंदाला, एवढा वेग कमवायचा तर एक टन रिकाम्या यानामागे २२ हजार टनांचं भरलेलं यान लागेल. प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेग हवा असेल तर एकावर सुमारे २,८९० शून्यं इतक्या पट. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ऐंशी शून्यांच्या आसपास धरतात. तेव्हा 'रासायनिक इंजिन, सुधारित' असं लिहिलेली तुमची क्रूझर अभिजित ताऱ्यापर्यंत जात नाही. ती कुठेच जात नाही. व्हॉयेजर-१ सेकंदाला सतरा किलोमीटरने निघालंय. सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला त्याला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील.

आता कुणी प्रामाणिकपणे मोजून केलेलं जहाज बघा. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात 'डेडलस' नावाचं तारायान कागदावर आखलं. लांबी १९० मीटर. तुमच्या फ्रिगेटएवढंच. वजन ५४ हजार टन, त्यातलं ५० हजार टन इंधन. ड्यूटेरियम आणि हीलियम-३ यांच्या गोळ्या फोडत फोडत प्रकाशाच्या सुमारे १२ टक्के वेग गाठायचा आणि बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत पन्नासेक वर्षांत पोचायचं. त्यात माणूस नाही. आणि पोचल्यावर ते थांबत नाही. थांबायला इंधनच उरत नाही, ताऱ्याजवळून सुसाट निघून जातं. तुमची फ्रिगेट तेवढ्याच लांबीत ८० माणसं, देऊळ आणि व्यायामशाळा घेऊन जाते, थांबते, लढते, परत येते. डेडलसमधून मिळते ती एक खरी कथा आहे: पन्नास वर्षं ज्याची वाट बघितली ते काही तासांत मागे पडतं आणि ज्यांनी ते पाठवलं त्यातले बरेच जण तेव्हा हयात नसतात. लिहा की अशी.

हो, ऐकते आहे मी. 'बाई, वॉर्प ड्राइव्ह आहे ना आमच्याकडे. काल्पनिक आहे.'

काल्पनिक असण्याला माझी हरकत नाही. कथेला एक खोटं माफ. ते एकदा सांगायचं आणि मग त्याला शेवटपर्यंत जपायचं. 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या मालिकेमागे एक नियम धरलेला होता: वॉर्पच्या आकड्याचा घन केला की प्रकाशाच्या किती पट वेग ते कळतं. वॉर्प सहा म्हणजे २१६ पट. पुढच्या मालिकेत मोजपट्टी बदलली आणि दहाला अनंत वेग ठरवला. बरं की वाईट ते सोडा, पण मोजपट्टी होती आणि ती बदलली तेव्हा बदलली असं सांगितलं. तुम्ही तक्त्यात 'वॉर्प ९' लिहिलंय आणि तळाशी घनाचा नियमही उतरवून घेतलाय. त्या नियमाने जवळच्या ताऱ्यापर्यंत दोन दिवस आणि थोडे तास लागतात. दुसऱ्या प्रकरणात तोच प्रवास वीस दिवसांचा आहे, कारण मधे एकाला वाढदिवस साजरा करायचाय. पाचव्यात पुन्हा एका रात्रीत. म्हणजे तुमचं जहाज गरजेच्या वेगाने चालतं. तसं असेल तर तक्त्यात खरं तेच लिहा: 'वेग: लेखकाला लागेल तितका'.

आणि उष्णता. एवढं प्रचंड इंजिन चालवता, त्याची ऊब जाते कुठे? पोकळीत वारा नसतो. ती फक्त विकिरणाने जाते. एक हजार केल्व्हिन तापलेल्या पत्र्यातून एक गिगावॅट उष्णता बाहेर टाकायला सतरा-अठरा हजार चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, म्हणजे चार एकरांच्या वर. तुमच्या चित्रांत उष्णता टाकणाऱ्या पंखांची एकही पट्टी नाही. '२००१' या चित्रपटासाठी 'डिस्कव्हरी' यान आखताना सुरुवातीला त्याला असे पंख होते. प्रेक्षकांना ते विमानाचे पंख वाटतील म्हणून काढून टाकले. त्यांना ठाऊक होतं, म्हणून काढले. तुम्हाला ठाऊकच नव्हतं. यातला फरक वाचकाला कळतो, बरं का. मराठी वाचकालाही कळतो. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती ना. वि. जगताप या नावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून, नावामुळे सवलत नको म्हणून. तुम्ही मात्र 'विज्ञानकथा' हा शिक्का मारून सवलत मागता.

दुसऱ्या पानाच्या तळटीपेचंही बोलून टाकते. 'आपल्या प्राचीन वैमानिकशास्त्रातही असे वर्ग होते.' होते: शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर. आणि १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी तोच हिशेब करून बघितला जो मी आत्ता तुमच्या वहीचा केला. आकार घेतले, वजन घेतलं, उडेल का ते तपासलं. एकही उडत नव्हतं. पुस्तकही प्राचीन नव्हतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं होतं. वर्गांना सुंदर नावं दिल्याने काही उडत नाही, तेव्हाही आणि आताही. ती तळटीप काढा.

आणखी एक, मग संपवते. इथे, याच शोळिंगनल्लूरच्या पिनकोडात, सत्यभामा विद्यापीठ आहे. तिथल्या मुलांनी बांधलेला दीड किलोचा सत्यभामासॅट २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. त्याच रॉकेटवर, वीस उपग्रहांच्या गर्दीत, पुण्याच्या सीओईपीच्या मुलांचा 'स्वयम्' होता, एक किलोचा. दोन्ही तुमच्याहून लहान वयाच्या पोरांनी केलेले. 'स्वयम्'ला इंजिन नाही. तो आपली दिशा धरून ठेवतो ती आतल्या चुंबकाने, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेऊन. अंतराळातला कचरा समोर आला तर तो बाजूला होऊ शकत नाही. त्याला कक्षा बदलता येत नाही. त्याच्या वर्गाची व्याख्याच त्याला काय करता येत नाही यावरून होते. चांद्रयान-३ ला पृथ्वीभोवती घिरट्या घालत घालत चंद्रावर उतरायला १४ जुलै ते २३ ऑगस्ट एवढे दिवस लागले. अपोलो-११ चार दिवसांत उतरलं, कारण त्याच्या खाली सुमारे २,९०० टनांचं सॅटर्न-५ होतं. दोघंही पोचले. एकाला घाई परवडत होती, दुसऱ्याला नाही, आणि दुसऱ्याने धीराने काम भागवलं. इंजिन नसलेल्या आणि धीराने जाणाऱ्या यानांसाठी तुमच्या तक्त्यात ओळच नाही, कारण तिथे तोफा बसत नाहीत.

तर पुढच्या रविवारपर्यंत. हा तक्ता फाडायचा नाही, त्याच्या शेजारी नवा करायचा, म्हणजे दोन्ही बघता येतील. रकाने मी सांगते, लिहून घ्या. यानाचं काम. रिकामं वजन. इंधनाचं वजन. मागे काय फेकतं आणि किती वेगाने. सुरुवातीचं त्वरण. एकूण किती वेग कमावता येतो, आणि त्यातला किती थांबायला राखून ठेवलाय. उष्णता कुठून टाकतं. बंद पडलं तर कुणाच्या दोरीने ओढलं जातं. हे सगळं भरून झाल्यावर लांबी, जी येईल ती. प्रत्येक आकड्याखाली हिशेब, पेन्सिलने, मला दिसेल असा. पाच जणांनी पाच यानं वाटून घ्या. एकाने सगळं केलंय हे मला अक्षरावरून कळेल. वॉर्पचा नियम एक ठरवा आणि पाचही प्रकरणांतले प्रवासाचे दिवस त्याने पुन्हा काढा. वाढदिवस त्यात बसला नाही तर वाढदिवस काढा.

महाकाल १९ किलोमीटरचंच ठेवायचा हट्ट असेल तर ठेव, तुझी मर्जी. पण मग त्या पावणेसात कोटी माणसांना पाणी कुठून येतं ते मला दुसऱ्या प्रकरणात दिसलं पाहिजे. इथे शोळिंगनल्लूरला राहून पाण्याच्या टँकरचा हिशेब तुला येत नाही असं म्हणू नकोस. आणि चौथ्या प्रकरणातला तो नायक टोकावरून उचलून जहाजाच्या मध्यावर आणून बसवा. वळताना तिथे जोर जवळजवळ शून्य असतो. तिथे तो दीड पान बोलू शकेल.